शिकवण्याआधी मुलांच्या चुकीच्या समजुती शोधताय? या चुका टाळा

पाठ टाचणात (तासाच्या लेखी नियोजनात) पूर्वज्ञानाचे प्रश्न सगळेच लिहितात, पण बहुतेक वेळा त्यांत व्याख्याच विचारलेली असते. ‘सांद्रीभवन म्हणजे काय?’ याचं उत्तर (बाष्प थंड होऊन त्याचं पाणी होणं) पाचवीचं मूल घडाघडा म्हणतं. तेच मूल बर्फाच्या ग्लासाबाहेरचं पाणी आतून झिरपलं असंही मानतं.

म्हणून आधी वस्तू समोर ठेवा. स्टीलचा ग्लास अर्धा पाण्याने भरून बाहेरून कोरडा पुसा, नाहीतर ‘सांडलं असेल’ हे उत्तर हमखास येतं. पाच-सहा बर्फाचे खडे टाकण्याआधी विचारा: ग्लासाच्या बाहेरून काय दिसेल, आणि का? थेंब आल्यावर पुन्हा: हे पाणी कुठून आलं? उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. तोंडी विचारलं की पहिल्या बाकावरचं उत्तर अख्ख्या वर्गाचं होतं.

चिठ्ठ्यांना गुण देऊ नका, कारणांप्रमाणे गठ्ठे लावा: झिरपलं, कडेवरून बाहेर आलं, थंडीचं पाणी झालं, हवेतून आलं. शेवटचा गठ्ठा बरोबर धरून सोडून देणं ही मोठी चूक. ‘हवेतून म्हणजे कसं?’ विचारलं की हवेतल्या बाष्पाऐवजी ‘हवाच थंड होऊन पाणी झाली’ असंही निघतं. पुढचा तास या गठ्ठ्यांवरूनच ठरतो. ‘झिरपलं’साठी आतल्या पाण्यात लाल शाई घाला, बाहेरचे थेंब रंगहीनच येतात. ‘कडेवरून’साठी घट्ट झाकण लावा. हे पावसाळ्यात करा. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात थेंब उशिरा आणि थोडेच येतात.

काही गोंधळ आपल्या भाषेतूनच येतो. चहावर दिसणाऱ्या पांढऱ्या धुराला आपण वाफ म्हणतो; ते पाण्याचे बारीक थेंब असतात, खरं बाष्प दिसत नाही. बोलण्यात ‘प्राणी’ म्हणजे चार पायांचा, मग मुंगी यादीतून गळते. अशा वेळी मुलाला कल्पना कळली नाही की शब्द वेगळ्या अर्थाने घेतला, हे विचारल्याशिवाय ठरवू नका.

विजेच्या धड्याआधी बल्बचा होल्डर हातात देऊ नका. होल्डर जोडणी झाकून टाकतो आणि समजूत दडून राहते. १.५ व्होल्टचा एक सेल, टॉर्चचा सुटा बल्ब आणि एकच वायर द्या. दिवा कसा लागेल याचं चित्र आधी काढायला सांगा. नळाच्या पाइपसारखी सेलपासून बल्बच्या टोकापर्यंत एकच वायर काढणारी मुलं बरीच निघतात. दिवा लागायला बल्बचं टोक सेलच्या एका टोकावर टेकवावं लागतं, आणि सेलच्या दुसऱ्या टोकाची वायर बल्बच्या आट्यांच्या धातूला लावावी लागते.