पोहायला शिकताय? हातपाय नंतर, आधी श्वास

मुलाला उन्हाळ्याच्या बॅचला घातलं तेव्हा मीपण बायकांच्या बॅचला नाव दिलं, वय ३९, कमरेएवढ्या पाण्यातही पोटात गोळा यायचा. त्यामुळे मोठेपणी शिकणाऱ्यांना आधी हेच सांगेन की पहिला आठवडा हातपाय मारायची घाईच करू नका.

घरी टबमध्ये पाणी घ्या, तोंडाने श्वास घ्या, चेहरा पाण्यात घाला आणि नाकाने सावकाश बुडबुडे सोडा, मग तोंड वर. रोज वीसेक वेळा करा. आपण काय करतो, पाण्यात श्वास कोंडून ठेवतो आणि वर आलो की सोडायचा नि घ्यायचा दोन्ही एकदम करायला बघतो, तिथंच नाकातोंडात पाणी जातं.

मग तरंगणं. छातीत हवा भरलेली असली की अंग बहुतेक आपोआप वर येतं, पण भीतीने मान उचलली की कंबर खाली जाते आणि पाय बुडतात, म्हणून उताणं असताना कान पाण्यात आणि नजर वर. आणि उभं कसं राहायचं ते कोचकडून आधी घोटून घ्या!! पालथं तरंगताना गुडघे पोटाशी घ्यायचे, दोन्ही तळहातांनी पाणी खाली दाबायचं, पाय तळाला टेकले की डोकं वर. हे जमलं त्या दिवशी माझी अर्धी भीती गेली. किक त्यानंतर, कठडा धरून, पाय मांडीपासून हलवायचे, सायकल चालवल्यासारखे गुडघ्यातून नाही.

मुलांचं सोपं असतं, साधारण चार वर्षांपुढे बहुतेक मुलं शिकू शकतात, फक्त रडणाऱ्या पोराला ढकलू नका प्लीज, ती भीती वर्षानुवर्षं राहते. गावाकडे विहिरीत पाठीला डबा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधून शिकवायचे, तेव्हा दोर वरच्या माणसाच्या हातात असायचा. दंडाला फुगे लावले म्हणून तुम्ही मोबाईल बघत बसू नका, मूल हाताच्या अंतरावर हवं, बुडणारं मूल बऱ्याचदा ओरडतसुद्धा नाही.

पुण्याचा टिळक टँक असो की मुंबईत शिवाजी पार्कचा तरणतलाव, एप्रिल-मेमध्ये गर्दी असतेच, जमलं तर दिवाळीच्या आधी शिका, कोचला तुमच्याकडे बघायला वेळ मिळतो.

आणि टँकमध्ये जमलं म्हणून नदीत किंवा धरणात उतरू नका, तिथं ओढ असते, तळ दिसत नाही. कोणी गटांगळ्या खात असेल तर मागोमाग उडी टाकायची नाही, ट्यूब, दोर, ओढणी, बांबू जे मिळेल ते फेका. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढत बसू नका, उलटं तर मुळीच टांगू नका, तोंडाने श्वास द्या, छातीवर दाब द्यायला लागा आणि १०८ ला फोन दुसऱ्या कोणालातरी करायला सांगा.