बांबूच्या शिडीची पायरी : टिकाऊ हवी आणि चटकन बदलताही यावी, तर या चुका टाळा

बांबूची शिडी मोडीत जाते तेव्हा तिचे दोन्ही उभे बांबू बहुतेक वेळा धडधाकट असतात. गेलेल्या असतात तळाकडच्या दोन-चार पायऱ्या, कारण चढउतार सगळा त्यांच्यावरून होतो आणि चिखलही त्यांनाच लागतो. पायरी झिजणारच. ती काढून दुसरी घालायची सोय शिडी बांधतानाच ठेवली, तर तीन-चारशे ग्रॅम लाकडासाठी अख्खी शिडी टाकावी लागत नाही. आंब्याच्या बागेत, रंगकामाला किंवा घरच्या कौलांना लागणारी १२ फुटी शिडी डोळ्यांसमोर ठेवून पुढची मापं दिली आहेत.

आधी बांधणी थोडक्यात. उभे बांबू कळकाचे, जाड सालीचे, बुंध्याकडे ८५-९० मिमी आणि शेंड्याकडे ७० मिमीच्या खाली न जाणारे. आतलं अंतर वरपासून खालपर्यंत सारखं, ३४ सेंमी. पायऱ्या ३० सेंमीवर. प्रत्येक पायरी ३१ मिमी जाडीचा सरळ गोल दांडा, लांबी ६० सेंमी, दोन्ही बांबूंतून आरपार गेलेली. बाहेर आलेल्या प्रत्येक टोकात एक उभी लोखंडी खिळी. शिडीची रुंदी धरून ठेवायचं काम पायऱ्यांकडे नाहीच. ते आटे पाडलेल्या तीन सळया करतात. म्हणूनच कुठलीही पायरी कधीही काढता येते.

पायरीला खिळा ठोकणं

सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक ही. पायरी भोकात बसवून बाहेरून बांबूतून पायरीत आडवा खिळा मारला जातो. बांबूचे धागे उभे असतात, आडवा धागा नसतोच. त्यामुळे खिळा पाचरीसारखा घुसतो आणि चीर वर-खाली धावते. ती लगेच दिसत नाही, एक उन्हाळा गेला की उघडते. पुढच्या पावसाळ्यात खिळा गंजून फुगतो आणि लाकडात असा रुतून बसतो की पायरी काढताना बांबूचाच तुकडा निघतो. सरस किंवा डिंक लावून पायरी पक्की करणंही त्याच वाटेचं. शिडी त्यानं मजबूत होत नाही, पायरी बदलायचा रस्ता मात्र बंद होतो.

त्याऐवजी उभी खिळी वापरा. ६ मिमी सळईचा १४ सेंमी तुकडा घ्या. पायरीच्या बाहेर आलेल्या टोकात, बांबूला अगदी लगत, साडेसहा मिमीचं भोक पाडा आणि खिळी अशी घाला की ती बांबूच्या अंगाला समांतर उभी राहील, निम्मी वर, निम्मी खाली. खिळीच्या भोकापासून पायरीच्या टोकापर्यंत निदान ३ सेंमी लाकूड शिल्लक ठेवा, नाहीतर टोक चिरतं.

आता तार. इथे दोन वेगळ्या तारा लागतात, आणि इथेच गोंधळ होतो. पायरीच्या भोकाच्या मध्यापासून ४ सेंमी वर आणि ४ सेंमी खाली १४ गेजच्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या, तारेचे तीन-तीन घट्ट वेढे बांबूला द्या. हे पट्टे कायमचे. बांबू चिरू नये म्हणून आहेत, पायरी बदलताना त्यांना हात लावायचा नाही. खिळीची दोन्ही टोकं या पट्ट्यांच्या पलीकडे १८ गेजच्या बारीक तारेनं बांबूला बांधा. ही तार तोडायचीच असते. पक्कडीनं ती कापली, खिळी ओढली की पायरी सरकते. खिळी वर-खाली बांधलेली असल्यामुळे पायरी पायाखाली फिरतही नाही. गोल भोकातली गोल पायरी फिरणं हे पाय निसटण्याचं मोठं कारण आहे, आणि ते नुसत्या पाचरीनं थांबत नाही. पाचर सुकली की गळून पडते.

मे महिन्यात घट्ट बसवलेली पायरी

सुतारकामात घट्ट सांधा चांगला. शिडीच्या पायरीला तो घात करतो. कडक उन्हाळ्यात सुकलेलं लाकूड पावसाळ्यात आडव्या अंगानं दोन-तीन टक्के सहज फुगतं. म्हणजे ३१ मिमीची पायरी ३१.६ ते ३१.९ मिमी होते. भोकही ३१ चंच असेल तर फुगणाऱ्या पायरीला जागा कुठे? ती बांबूच फोडते. म्हणून भोक ३२ मिमी ठेवा. ३२ चा होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, बाजारात मिळतो, त्यामुळे माप चुकायचा प्रश्न येत नाही.

पायरीची जाडी तपासायला फळीचा साचा करा. १८ मिमी प्लायच्या तुकड्यात त्याच होल सॉनं भोक पाडा, फळी आडवी धरा आणि पायरी वरून सोडा. ती स्वतःच्या वजनानं पूर्ण लांबीभर सरकत खाली आली पाहिजे. मध्ये अडकली तर तिथे कानस फिरवा. नुसती आत पडून खडखडली तर ती बारीक झाली आहे, ती बाजूला काढा. हा साचा शिडीसोबतच जपून ठेवा. दोन वर्षांनी नवी पायरी करताना हाच लागेल.

प्रत्येक भोकाला वेगळी पायरी

कोयत्यानं तासून ‘या भोकाला ही पायरी’ असं करत गेलं की शिडी उभी राहते, पण तिच्या अकरा पायऱ्या अकरा मापांच्या होतात. मग राखीव पायरी ठेवून उपयोग नाही. शिडी वर निमुळती ठेवली की लांब्याही बदलतात, म्हणून आतलं अंतर सारखं ठेवायचं. सगळ्या पायऱ्या ६० सेंमीच्या एकसारख्या करा. शेंड्याकडे बांबू बारीक असल्यानं तिथे टोक जास्त बाहेर येईल, ते बसवल्यावर कापा.

राखीव पायऱ्यांना खिळीची भोकं मात्र आधी पाडून ठेवू नका. प्रत्येक ठिकाणी बांबूची जाडी वेगळी, त्यामुळे खिळीची जागाही वेगळी. आधीच पाडलेलं भोक बांबूपासून सेंटिमीटरभर दूर राहिलं, तर उभा बांबू त्या मोकळ्या जागेत सरकत राहतो आणि चढताना शिडी कुरकुरते.

पायऱ्यांच्या खुणा करतानाची एक चूक लहान वाटते पण अंगाशी येते. आधीच्या पायरीपासून ३० सेंमी मोजत वर गेलं की प्रत्येक वेळचा दोन-तीन मिमीचा फरक साठत जातो आणि वरच्या पायऱ्या तिरक्या होतात. टेप बुडाशी धरूनच ३०, ६०, ९०, १२० अशा सगळ्या खुणा एकदम करा.

लाकूड चुकीचं निवडणं

बाभळीचा गाभा किंवा माणगा हा भरीव बांबू, दोन्ही चालतात. कोकणात माणगा हाताशी असतो, घाटावर बाभूळ. कुदळ-फावड्याला ज्या कारणासाठी बाभळीचा दांडा घालतात, त्याच कारणासाठी ती पायरीला चांगली: चिवट असते, मोडण्याआधी तडतडते.

फळीतून कापून काढलेली पट्टी गोल करू नका. करवत सरळ जाते, लाकडाचे धागे तिरके असतात. दिसायला सुंदर दांडा धाग्याच्या रेषेवर तिरका तुटतो, तोही कसलीच चाहूल न देता. ओंडका कोयत्यानं किंवा पाचरीनं फाडा, फाडलेल्या तुकड्याला वाकसानं आकार द्या, शेवटी रंधा आणि कानस. फाडताना तुकडा धाग्याच्या वाटेनंच सुटतो. बाहेरचं पांढरट लाकूड पूर्ण काढा. भुंगा आधी तेच पोखरतो. मधल्या २० सेंमीत फांदीची गाठ असेल तर तो तुकडा पायरीला घेऊ नका.

ओलं लाकूड वापरणं ही दुसरी घाई. सावलीत वाळत घाला आणि आठवड्यातून एकदा वजनकाट्यावर ठेवा. सलग दोन आठवडे वजन तेवढंच भरलं की लाकूड वाळलं. गोलाई त्यानंतर, आधी गोल केलेला दांडा वाळताना अंडाकृती होतो आणि साच्यात अडकतो.

माणगा घेत असाल तर तीन वर्षांच्या पुढचा, पावसाळ्यानंतर तोडलेला घ्या. कोवळ्या बांबूत पिष्ट जास्त, आणि भुंगा त्यासाठीच येतो. बोरॅक्स म्हणजे टाकणखार आणि बोरिक ॲसिड यांच्या पाण्यात तो भिजवावा. ११० मिमी पीव्हीसी पाइपचा ७० सेंमी तुकडा घ्या, खालून टोपण चिकटवा, तो उभा करा. त्यात सात पायऱ्या बसतात. ३ लिटर पाण्यात ९० ग्रॅम बोरॅक्स आणि ६० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून ओता, पायऱ्या बुडेपर्यंत. आठवडाभर ठेवा, मग सावलीत वाळवा. हे औषध पावसाच्या पाण्यानं धुऊन जातं, त्यामुळे शिडी उघड्यावर ठेवली तर मेहनत वाया. बाभळीच्या गाभ्यात ते फारसं शिरत नाही, तिथे हा खटाटोप करू नका.

माणग्याची चकचकीत साल निसरडी म्हणून ती तासून काढणारेही असतात. बांबूचे सर्वांत बळकट धागे सालीलगतच असतात, तेच त्यात जातात. ६० नंबरचा पॉलिश पेपर घासून चकाकी घालवा, तेवढं पुरतं.

‘थोडी बारीक असली तरी चालेल’

चालत नाही. गोल दांड्याची वाकण्यापुढची ताकद जाडीच्या घनाप्रमाणे बदलते. ३१ मिमीची पायरी २५ मिमीवर आणली तर ताकद जवळजवळ निम्मी उरते. वापरून ३ मिमी झिजली, ३१ ची २८ झाली, तरी चौथ्या हिश्शाहून जास्त ताकद गेलेली असते, आणि डोळ्यांना ते कळत नाही. पत्र्याच्या तुकड्यात २८ मिमीची खाच कापून ठेवा. पायरीचा मधला भाग त्या खाचेत शिरला की पायरी बदलायची.

दुसऱ्या टोकाला, जाड पायरी घालून भोक मोठं करणंही चूक. भोक त्या ठिकाणच्या बांबूच्या जाडीच्या निम्म्याहून कमीच हवं आणि बरोब्बर मध्यावर हवं. शिडी भिंतीला टेकवून चढलं की उभ्या बांबूच्या मागच्या अंगावर ताण येतो, पुढच्या अंगावर दाब. मधल्या भागावर वाकण्याचा भार सर्वांत कमी. भोक मध्य सोडून पुढे-मागे सरकलं की नेमके कामाचे धागे तुटतात. होल सॉ एका बाजूनं आरपार न नेता दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा चालवा, म्हणजे बाहेर पडताना साल उचकटत नाही.

सळया आवळताना जास्तीचा जोर

८ मिमीच्या तीन सळया: तळाकडे दुसऱ्या पायरीखाली, मध्ये, आणि वरून दुसऱ्या पायरीखाली; पायरीपासून ९-१० सेंमी अंतरावर. प्रत्येक बांबूला आतून एक नट आणि बाहेरून एक, दोन्हीकडे ४० मिमीचा मोठा वायसर, त्याखाली टायरच्या ट्यूबचा तुकडा. बांबू पोकळ आहे. वायसर सालीत रुतू लागेपर्यंत आवळलं तर भिंत आतल्या आत चिरते. रबर थोडं दबलं की थांबा आणि वर दुसरा नट बसवा.

पायऱ्यांना ऑइल पेंट

रंगाखाली चीर, भुंग्याचं भोक, कुजकट डाग, सगळं झाकलं जातं. जवसाचं तेल पातळ हातानं चोळा, पुसून काढा, दोन दिवस वाळू द्या. तेलाच्या चिंध्या घडी करून टाकू नका, आपोआप पेट घेतात; उन्हात पसरून वाळवा.

बदलताना येणाऱ्या अडचणी

पायरी निघत नाही: पावसाळ्यात फुगली असेल. हातोडीनं ठोकलं तर टोक चेपून पसरतं आणि मग ती कधीच निघत नाही. शिडी दोन-तीन दिवस कोरड्या जागी, वाऱ्यावर ठेवा. मग २८ मिमीचा दांडा पायरीच्या टोकावर धरून लाकडी मोगरीनं हलके ठोके द्या. नव्या पायरीच्या कडा दोन्ही टोकांना २ मिमी गोल करून घेतल्या तर पुढच्या वेळी हा त्रास कमी होतो.

पायरीखाली पिठासारखी भुकटी दिसते: भुंगा आत आहे. ती पायरी काढून जाळा आणि शेजारच्या दोन्ही पायऱ्या बारीक खिळ्यानं टोचून पाहा. खिळा हाताच्या दाबानं २-३ मिमी शिरला तर त्याही गेल्या.

भोकाच्या वर चीर दिसते: ती तारेच्या पट्ट्याच्या आतच थांबली असेल तर पट्टा नव्यानं आवळून शिडी वापरता येते. पट्टा ओलांडून गेली असेल तर तो उभा बांबूच बदलावा लागेल, पायरी बदलून भागणार नाही.

नवी पायरी घातल्यावर तिच्यावर थेट चढू नका. शिडी कामाच्या तिरपीत लावा, म्हणजे चार फूट उंचीला एक फूट पाया. पायरीच्या मध्यावर रुंद पट्ट्यानं सिमेंटच्या ५० किलोच्या तीन गोण्या एकेक करून लटकवा, जमिनीपासून वीतभर वर. पाच मिनिटं तशाच ठेवून उतरवा. पायरीवर सरळ पट्टी धरून पाहा. मध्ये ३ मिमीहून जास्त बाक राहिला, तडतड ऐकू आली किंवा खिळीच्या भोकाशी बारीक चीर दिसली तर ती पायरी बाद. वरच्या पायऱ्यांना गोण्या टांगणं अवघड जातं, म्हणून राखीव पायऱ्या आधी तळाकडच्या, पण गोण्या जमिनीला टेकणार नाहीत इतक्या उंच जागेवर बसवून तपासा आणि मगच वर न्या. या चाचणीपुरती राखीव पायरीला खिळी घालू नका.  वर न्याल तेव्हाच तिचं भोक बांबूलगत पाडा.

या शिडीत तारा, खिळ्या आणि सळया आहेत, शिवाय भिजलेला बांबूही वीज वाहून नेतो. विजेच्या तारांजवळच्या झाडावर किंवा खांबावर ती लावू नका.