कोळ्याच्या जाळ्याचा फोटो काढताय? ऊन समोरून घ्या

पाऊस ओसरला की पन्हाळ्याच्या वाटेवर, राधानगरीच्या जंगलात जाळीच जाळी दिसतात. फोटो मात्र सपाट, पांढुरका येतो, कारण आपण सवयीने सूर्याकडे पाठ करून उभे राहतो. उलट करा. सकाळचं कोवळं ऊन जाळ्याच्या मागून, जरा तिरकं येऊ द्या आणि पलीकडे सावलीतली झाडी येईल अशी जागा धरा. एकेक धागा उजळून निघतो.

कॅमेरा जाळ्याला समांतर हवा. थोडा कलला तरी अर्धं जाळं धूसर होतं. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उघडं छिद्र, एफ ८ ते ११. ऑटोफोकस बंदच ठेवा, तो हमखास मागच्या झुडपावर जातो. वारा असेल तर गप थांबायचं.

सिग्नेचर स्पायडर ही कोळ्याची जात जाळ्याच्या मधोमध डोकं खाली करून बसते, पाय जोडीजोडीने जुळवून, फुलीसारखे. पायांजवळची पांढरी नागमोडी नक्षी फ्रेममध्ये पूर्ण घ्या. थेंबांसाठी स्प्रेने पाणी मारणारे भेटतात. मला ते पटत नाही, पहाटे दव असतंच की! आणि ट्रायपॉड टेकवण्याआधी बाजूचे आधाराचे धागे बघा, एक तुटला तरी जाळं लोंबतं.