आयबिसबिल शोधायला कोसीकाठी जाताना

जायचं डिसेंबर ते फेब्रुवारीत. आयबिसबिल या नदीकाठच्या पक्ष्याची वीण हिमालयात आणि तिबेटात, उंचावरच्या नद्यांकाठी होते. कडाक्याच्या थंडीत तो पायथ्याशी उतरतो. मुक्काम रामनगरला ठेवा. दिल्लीहून तिथे रेल्वे जाते. पुढे राणीखेतचा रस्ता कोसीच्या कडेकडेने जातो, आणि गर्जिया देवीचं मंदिर ते मोहान हा पट्टा सावकाश बघण्यासारखा आहे. ही उत्तराखंडातली कोसी, बिहारची नव्हे. तिकीट काढताना एवढं ध्यानात असू द्या.

सामानाआधी नजर तयार करा. लांब, खाली वळलेली लाल चोच फोटोत उठून दिसते, पण थंडीत तिचा रंग मळकट असतो आणि पाठ नदीतल्या गोट्यांसारखीच करडी. पन्नास पावलांवर उभा असला तरी दिसत नाही. म्हणून रंग शोधू नका, हालचाल शोधा. पोटापर्यंत पाण्यात शिरून तो दगडांखाली चोच घालतो आणि किड्यांच्या अळ्या टिपतो. गळ्याखालचा काळा पट्टा नीट पाठ करून जा. वळला की आधी तोच दिसतो. काठावर बसून पात्राचा एकेक तुकडा दुर्बिणीने तपासायचा. 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते, पण स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवरची एका डोळ्याने बघायची जास्त ताकदीची दुर्बीण, कोणाकडून मिळाला तर नक्की न्या, कारण लांबूनच बघणं पक्ष्याच्या भल्याचं आहे.

मातकट कपडे, कानटोपी, ओल्या गोट्यांवर न घसरणारे बूट, दुर्बिणीची काच पुसायला सुती फडकं. सकाळी धुकं असतं, तेव्हा थर्मासमध्ये चहा हवाच. स्थानिक गाइड आधी ठरवा: कुठे उतरायला परवानगी आहे हे त्यांना ठाऊक असतं, आणि कॉर्बेटचं जंगल लागूनच असल्याने हत्ती, वाघ नदीवर येतात. अंधार पडायच्या आत रस्त्यावर परत या.

पक्ष्याला जवळ बोलवायला त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवू नका. फोटोसाठी पात्रातून त्याच्या मागे चालत जाऊ नका. उडाला की त्याचं खाणं थांबतं, आणि वाळू-दगडांच्या उपशामुळे अशा नद्यांवर निवांत जागा आधीच कमी होत आहेत. कोसीवर नाहीच दिसला तर एक सकाळ मोहानपुढच्या मरचुलासाठी, रामगंगेकाठी, राखून ठेवा.