एनएफएसचा रीड-राइट आकार बदलण्याआधी

एनएफएस म्हणजे एका मशीनवरचं (सर्व्हर) फोल्डर नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर (क्लायंट) वापरायची सोय, आणि रीड-राइट आकार म्हणजे एका विनंतीत जास्तीत जास्त किती बाइट वाचायचे-लिहायचे तो आकडा. सगळ्यात आधी, आज प्रत्यक्षात कोणता आकार ठरला आहे ते प्रत्येक क्लायंटवर बघून लिहून ठेवा. एफएसटॅबमधला (कोणतं फोल्डर कुठे जोडायचं याची क्लायंटवरची यादी) आकडा ही नुसती मागणी असते. माउंट होताना, म्हणजे ते फोल्डर जोडलं जाताना, क्लायंट सर्व्हरला त्याची मर्यादा विचारतो, एनएफएसच्या व्हर्जन ३ मध्ये एफएसइन्फो कॉलने आणि ४ मध्ये मॅक्सरीड-मॅक्सराइट या गुणधर्मांतून. मागणी त्याहून मोठी असेल तर ती खाली आणली जाते. माउंट मात्र बिनतक्रार होतो, म्हणूनच हे महिनोन्‌महिने कुणाच्या ध्यानात येत नाही. खरा आकडा एनएफएसस्टॅट या कमांडला 'एम' पर्याय देऊन दिसतो.

मग एफएसटॅबमधल्या जुन्या ओळी शोधा. आरसाइझ (वाचण्याचा आकार) ८१९२ असं कुठे लिहिलेलं सापडलं तर तो व्हर्जन २ च्या काळातला कमाल आकार आहे. लिनक्स क्लायंट १०,४८,५७६ बाइटपर्यंत जाऊ शकतो आणि एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर कॉपी होत आलेली ती ओळ त्याला विनाकारण अडवून धरते. माझं स्पष्ट मत आहे की मोजून सिद्ध केलेलं कारण नसेल तर आकडा लिहूच नये. न लिहिल्यास दोन्ही बाजूंना झेपेल असा सर्वांत मोठा आकार आपोआप ठरतो. लिहायचाच असेल तर १०२४ च्या पटीत लिहा.

लिनक्स सर्व्हरची रॅमही तपासा. कमी रॅमच्या मशीनवर एनएफएसडी, म्हणजे सर्व्हरवर एनएफएस चालवणारा प्रोग्राम, स्वतःची मर्यादा लहान ठेवतो. ती मॅक्स ब्लॉक साइझच्या फाइलमधून वाढवता येते, पण त्यासाठी आधी सगळे एनएफएसडी थ्रेड थांबवावे लागतात. तेव्हा बंद ठेवण्याची वेळ वापरणाऱ्यांशी बोलून आधीच ठरवा.

एमटीयूचा, म्हणजे नेटवर्कवरच्या एका पॅकेटच्या कमाल आकाराचा, विषय वेगळा ठेवा. टीसीपीवर मोठ्या आकारासाठी जम्बो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पॅकेट) लागत नाहीत. यूडीपी या दुसऱ्या, जुन्या वाहतूक पद्धतीवर अजून कुणी क्लायंट असेल तर त्याला आधी टीसीपीवर आणा, कारण यूडीपीवर एक तुकडा हरवला की अख्खी विनंती पुन्हा पाठवावी लागते.

रीमाउंटने, म्हणजे माउंट न काढता पर्याय बदलून, आकार बदलत नाही. अनमाउंट करून नव्याने माउंट करावं लागेल, म्हणून त्या फोल्डरमध्ये कुणाच्या फाइली उघड्या आहेत ते एलएसओएफ या कमांडने बघून ठेवा. आधीच्या-नंतरच्या वेगाची तुलना क्लायंटच्या रॅमहून मोठ्या फाइलवर करा, नाहीतर मोजला जाईल तो कॅशचा, म्हणजे रॅममध्ये आधीच साठलेल्या प्रतीचा, वेग.