बेस गिटारच्या तारांची निवड आणि सेटअप: आधी काय, नंतर काय

बेस गिटार वाजवणाऱ्यांच्या तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात: तारा बोटांना जड लागतात, पहिल्या चार-पाच फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) सूर खरखरतो किंवा बाराव्या फ्रेटच्या पुढे वाद्य बेसूर होते. यांतल्या बऱ्याच तक्रारी नवी गिटार घेऊन मिटत नाहीत, कारण त्यांचे मूळ तारांचा ताण आणि नेकचा, म्हणजे गिटारच्या दांडीचा, बाक यांच्यातल्या बेबनावात असते. चार तारांच्या सर्वसाधारण संचाचा एकत्रित ताण सत्तर ते ऐंशी किलोच्या आसपास असतो आणि तो ताण नेक सतत पुढे ओढत असतो. संच बदलला की ही ओढ बदलते आणि आधी घेतलेली सगळी मापे हलतात. म्हणून कोणती तार वापरायची हे आधी ठरवावे, ती चढवावी आणि मगच सेटअपला, म्हणजे वाद्याची मापे जुळवण्याच्या कामाला, हात लावावा. जुन्या, मेलेल्या तारांवर सेटअप करून घेऊन नंतर नव्या तारा चढवणे म्हणजे केलेले काम स्वतःच पुसून टाकणे होय.

निवडीत सर्वांत आधी स्केल पाहावी लागते. नट (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि ब्रिज (शरीरावरचा तारांचा आधार) यांच्यामध्ये तारेचा जेवढा भाग कंप पावतो, ती तिची स्केल. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये आणलेल्या प्रिसिजन बेसची स्केल ३४ इंच होती आणि आजही बहुतेक बेस गिटारी याच मापाच्या असतात. फेंडर मस्टँगसारख्या छोट्या बेसची स्केल मात्र ३० इंच असते. तीच तार त्याच सुरात ३४ ऐवजी ३० इंचांवर लावली, तर ताण सुमारे २२ टक्क्यांनी घटतो, आणि म्हणूनच छोट्या बेसवरची ई तार (चारांतली सर्वांत जाड) पुष्कळदा ढिली आणि धूसर वाटते. अशा वाद्यावर एक पायरी जाड संच लावणे शहाणपणाचे असते. पाकिटावर लिहिलेली लांबीही तपासावी. तारा शरीराच्या मागून ओवायच्या असतील, तर नेहमीची लाँग स्केल तार कधी कधी अपुरी पडते, आणि छोट्या बेसवर लांब तार लावली, तर तिचा निमुळता न झालेला जाड भाग खुंटीभोवती गुंडाळावा लागून आतला गाभा दुखावतो.

जाडी हजारांश इंचांत सांगितली जाते. ४५-६५-८५-१०५ हा सर्वांत रुळलेला संच. त्यातली ई तार १०५, म्हणजे सुमारे २.७ मिलिमीटर जाड असते. नव्याने शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असे माझे मत आहे. ४०-१०० चा हलका संच बोटांना सोपा जातो खरा, पण जोरात वाजवणाऱ्याच्या हाताखाली तो लवकर फ्रेटवर आपटतो. नेहमीपेक्षा खाली सूर लावणाऱ्यांनी एक हिशेब ध्यानात ठेवावा: अर्धा स्वर उतरला की ताण सुमारे ११ टक्क्यांनी आणि पूर्ण स्वर उतरला की सुमारे २१ टक्क्यांनी कमी होतो, तेव्हा त्या प्रमाणात जाड तारा घेतल्या नाहीत, तर कितीही सेटअप केला तरी खरखर जाणार नाही.

जाडीपेक्षा आवाजावर अधिक परिणाम होतो तो गुंडाळणीचा. गाभ्यावर गोल तार गुंडाळलेल्या राउंडवाउंड तारांचा आवाज खणखणीत असतो. द हू या बँडच्या जॉन एन्टव्हिसल यांच्या सहभागातून १९६६ मध्ये रोटोसाउंड कंपनीच्या अशा तारा घडल्या आणि पियानोच्या खर्जासारखा तो आवाज पुढे रॉकच्या बेसची ओळख ठरला. राउंडवाउंडमध्येही स्टेनलेस स्टील सर्वांत तेजस्वी असते, पण फ्रेट लवकर झिजवते. निकेलचा मुलामा असलेली स्टीलची तार मधली वाट काढते. शुद्ध निकेल त्याहून मऊ बोलते. फ्लॅटवाउंड तारेवर चपटी पट्टी गुंडाळलेली असते, त्यामुळे ती गुळगुळीत लागते, बोट सरकल्याचा आवाज करत नाही आणि तिचा सूर जाड पण आखूड राहतो. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत जेम्स जेमरसन यांनी वाजवलेला बेस हा फ्लॅटवाउंडचाच नमुना आहे. त्यांच्या तारा ला बेला कंपनीच्या आणि चांगल्याच जाड होत्या. पण या तारा केवळ जुन्या सोल संगीताच्या, असे समजू नये, कारण आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचे स्टीव्ह हॅरिस इतक्या वेगवान संगीतातही फ्लॅटवाउंडच वापरतात. फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट नसलेल्या, बेसवर लाकूड वाचवण्यासाठी फ्लॅटवाउंड किंवा नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या तारा उत्तम. नायलॉनखाली गाभा पोलादाचाच असल्यामुळे पिकअपला (तारेचा कंप टिपणाऱ्या चुंबकी भागाला) त्या ऐकू येतात. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत साध्या राउंडवाउंडच्या वळ्यांमध्ये घाम आणि गंज लवकर साठतो; तिथे लेप दिलेल्या तारा महाग असल्या तरी परवडतात, आणि फ्लॅटवाउंड त्याहून परवडतात, कारण त्यांची चमक गेल्याचे कोणाला फारसे दुःख नसते.

तारा चढवताना सगळ्या एकदम काढायला हरकत नाही. फिंगरबोर्ड (नेकचा बोटांखालचा पृष्ठभाग) पुसण्याची तीच संधी असते. रोजवूडवर लिंबाच्या नावाने मिळणाऱ्या तेलाचे दोन थेंब पुरतात, लॅकर दिलेल्या मेपलला तेल लावू नये, आणि घरातले खोबरेल तेल तर कोणत्याच लाकडाला लावू नये, कारण ते कालांतराने खवट होते. ज्या खुंट्यांच्या माथ्यावर खाच आणि मधोमध भोक असते, तिथे तार खुंटीच्या पुढे चार-पाच इंच राखून, आधी काटकोनात वाकवून आणि मगच कापावी. न वाकवता कापल्यास काही तारांची गुंडाळणी गाभ्यावरून सुटून फिरते आणि तार पहिल्या दिवशीच निर्जीव होते. टोक भोकात खुपसून दोन-तीन वेढे वरून खाली द्यावेत. सूर लावल्यावर नटच्या पुढे आणि ब्रिजच्या सॅडलच्या (तार टेकते त्या सरकत्या तुकड्याच्या) पुढे तार अंगठ्याने हलकेच दाबावी, म्हणजे ती तिथे कमान न करता सरळ निघते. हे अर्ध्या मिनिटाचे काम वगळल्यामुळे सुराच्या जागा चुकलेल्या मी बऱ्याच वाद्यांवर पाहिल्या आहेत.

सेटअपसाठी फार हत्यारे लागत नाहीत: आपल्या वाद्याला बसणाऱ्या ॲलन की, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पोलादी पट्टी, एक कॅपो (तारा फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा), ट्यूनर, आणि स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मिळणारा, टॅपेट सेट करण्याचा फीलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच. मोबाइलच्या ट्यूनरला ई तारेची ४१ हर्ट्झची खर्ज कधी कधी पकडता येत नाही. तेव्हा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसते टेकवून काढलेला सूर) वाजवावा, तो ८२ हर्ट्झवर असल्याने सहज दिसतो.

पहिले माप नेकचे. नेक अगदी सरळ नको, किंचित पुढे वाकलेली हवी, कारण कंप पावणाऱ्या तारेचा झोका मध्यभागी सर्वांत मोठा असतो. पूर्ण सुरात लावलेली ई तार पहिल्या फ्रेटवर कॅपोने आणि शेवटच्या फ्रेटवर बोटाने दाबावी आणि आठव्या फ्रेटचा माथा व तारेचा तळ यांतली फट फीलर गेजने मोजावी. ०.३ मिलिमीटर ही सुरुवातीची चांगली फट आहे. जास्त असल्यास ट्रस रॉडचा, म्हणजे नेकच्या आतल्या सळईचा, फिरवायचा नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कसावा, कमी असल्यास उलट सोडावा, पण एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, आणि दरवेळी पुन्हा सूर लावूनच मोजावे. रॉडचा नट हटत नसेल, तर जोर लावू नये. तुटलेला रॉड पुष्कळदा अख्खी नेक बदलायला लावतो, तेव्हा तिथे थांबून कारागिराकडे जाणेच स्वस्त पडते.

बाक ठरल्यावरच तारांची उंची, म्हणजे ॲक्शन, पाहावी; बाक बिघडलेला असताना सॅडल खालीवर करणे हा सर्वांत रूढ आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली २.४ आणि जी (सर्वांत बारीक) तारेखाली २ मिलिमीटर हे फेंडरच्या नेहमीच्या आधुनिक नेकसाठी योग्य आरंभस्थान आहे, आणि मधल्या तारा फिंगरबोर्डच्या गोलाईप्रमाणे त्यांच्यामध्ये बसवाव्यात. शक्य तितकी खाली ॲक्शन हवी, हा हट्ट मला पटत नाही. बेसच्या सुराला मोकळा झोका लागतो, आणि फार खाली आणलेली तार लागते सोपी, पण बोलते दबकी.

यानंतरही खरखर राहिली, तर ती कुठे आहे यावरून कारण कळते. फक्त मोकळी तार खरखरत असेल, तर नटची खाच खोल गेलेली असते. पहिल्या पाच फ्रेटपर्यंत खरखर असेल, तर नेकला बाक कमी पडतो. बाराव्याच्या पुढे असेल, तर तार फार खाली आहे किंवा नेक शरीराला जुळते तिथे फ्रेट उचललेले आहेत. एकाच जागी असेल, तर तिच्या पुढचा एखादा फ्रेट वर आलेला असतो. तंबोऱ्याच्या जवारीत आपण जी झणझण मुद्दाम जुळवतो, तीच इथे दोष ठरते, पण तिची भीतीही वाजवीपेक्षा जास्त बाळगली जाते. ॲम्प्लिफायरमधून ऐकू न येणारी खरखर दुरुस्त करण्याची गरज नाही.

पिकअपचे काम थोडक्यात उरकते. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून ई तारेखाली सुमारे २.८ आणि जी तारेखाली सुमारे २ मिलिमीटर अंतर ठेवावे आणि मग चारही तारा सारख्या जोराने वाजवून कानाने समतोल साधावा. पिकअप फार जवळ आले, तर चुंबक तारेला ओढतात आणि सूर थरथरतो, म्हणून हे काम इंटोनेशनच्या, म्हणजे सगळ्या फ्रेटवर सूर जुळवण्याच्या, आधी करावे.

इंटोनेशनसाठी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहावा. दाबलेला सूर चढा असेल, तर सॅडल मागे घेऊन तार लांब करावी. उतरता असेल, तर पुढे आणावी. दरवेळी तार आधी थोडी ढिली करून सॅडल हलवावे आणि पुन्हा सूर लावावा. गिटार टेबलावर आडवी ठेवून हे करू नये. ती गळ्यात घालून, रोजच्याच दाबाने वाजवावी, कारण जोरात दाबणारा हात तारेला तितकाच चढा सूर देतो. काम नीट झाले की सॅडल तिरप्या ओळीत दिसतात, ई सर्वांत मागे आणि जी सर्वांत पुढे. एखादी तार सॅडल टोकाला नेऊनही जुळत नसेल, तर ब्रिजला दोष देण्याआधी ती तार बदलून पाहावी.

नटच्या खाचा घासणे आणि फ्रेट समतल करणे ही दोन कामे मात्र घरी करू नयेत, कारण घासलेले परत येत नाही. जाड फ्लॅटवाउंड खाचेत बसत नसेल आणि तिसऱ्या फ्रेटवर दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर कागदापेक्षा बरीच जास्त फट राहत असेल, तर वाद्य कारागिराकडे न्यावे. नेताना हव्या त्याच तारांचा संच सोबत द्यावा आणि आपण बोटांनी वाजवतो की पिकने, किती जोराने, कोणत्या सुरात, हे सांगावे. नुसते ‘ॲक्शन खाली करून द्या’ म्हटल्यास तो आपल्या हाताला सोयीचा सेटअप करून देईल. परत आल्यावर नेकची फट, दोन्ही टोकांच्या तारांची उंची आणि संचाचे नाव एका कागदावर लिहून गिटारच्या केसमध्ये ठेवावे. आठवड्याने लाकूड स्थिरावल्यावर एकदा, आणि मग पावसाळ्याच्या तोंडाशी व थंडीच्या सुरुवातीला, तीच मापे पुन्हा घ्यावीत. दमट हवेत कोणती नेक कोणीकडे वळेल हे लाकडागणिक बदलते, आणि पाव फेऱ्याची दुरुस्ती पुष्कळदा पुरेशी ठरते.