कुचेरोव की पास्टर्नाक? दोन तगड्या विंगर्सची तुलना नीट कशी करायची

"कुचेरोव भारी की पास्टर्नाक" हा वाद निघाला की दोन मिनिटांत कोणीतरी पॉइंट्सचा तक्ता टाकतं, दुसरा म्हणतो अरे पण तो तीन वर्षांनी लहान आहे ना, आणि मग दोघंही वेगवेगळ्या मुद्द्यावर भांडत बसतात. मुळात प्रश्न दोन आहेत. आज कोण चांगला खेळतोय हा एक, आणि पुढची पाच-सहा वर्षं कोणाची चांगली जातील हा दुसरा. आधी हे दोन वेगळे करा, मग पुढचं सोपं आहे.

नवीन लोकांसाठी पटकन: आपण बर्फावरच्या हॉकीबद्दल बोलतोय, एनएचएलबद्दल. 2025-26 पर्यंत सीझनला 82 मॅच. गोल किंवा असिस्ट (गोलच्या आधीचा पास), दोन्हीला एकेक पॉइंट, आणि एका गोलवर दोघांपर्यंत असिस्ट मिळू शकतो. निकिता कुचेरोव टॅम्पा बे लाइटनिंगचा, रशियन, जन्म जून 1993. डेव्हिड पास्टर्नाक बॉस्टन ब्रुइन्सचा, चेक, जन्म मे 1996. दोघंही राइट विंग, म्हणजे उजव्या बाजूने खेळणारे फॉरवर्ड. ड्राफ्टमध्ये (टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) कुचेरोव 2011 ला 58 वा गेला आणि पास्टर्नाक 2014 ला 25 वा, म्हणजे दोघांनाही बऱ्याच टीम्सनी सोडून दिलं होतं, आता बसलेत हात चोळत.

सुरुवात आकड्यांनी करा, पण एका सीझनवर जाऊ नका, लागोपाठ तीन पूर्ण सीझन घ्या. मी 2022-23 ते 2024-25 घेतो. कुचेरोव 113, 144, 121. पास्टर्नाक 113, 110, 106. पहिल्या वर्षी बरोबरी आणि मग कुचेरोव सुटलाच, त्यातल्या शेवटच्या दोन्ही वर्षी लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट्सचा आर्ट रॉस त्यालाच (2018-19 चा धरून तीन झाले). आणि 2024-25 मध्ये तो 78 च मॅच खेळलाय, पास्टर्नाक सगळ्या 82, so पर मॅच काढाल तर 1.55 आणि 1.29. हा फरक छोटा नाही.

पण हे पॉइंट आले कसे हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, खरी मजा तिथेच आहे. कुचेरोवच्या 144 मध्ये 44 गोल आणि 100 असिस्ट होते. 100 असिस्ट एका सीझनला आजवर पाचच जणांनी केलेत, ऑर, ग्रेट्झकी, लेम्यू, मॅकडेव्हिड आणि हा, आणि यात विंगर हा एकटाच. पास्टर्नाकचा 2022-23 चा सीझन बघा, 61 गोल, 407 शॉट. हा माणूस पक (हॉकीची रबरी चकती) मिळाला की मारतो.

टीव्हीवर पॉवर प्ले लागला, म्हणजे समोरच्या टीमचा एक जण पेनल्टीत बसला, की दोघांना नीट बघा. कुचेरोव डावखुरा शूटर असून उजव्या बाजूला बोर्डजवळ, म्हणजे कडेच्या भिंतीजवळ उभा राहतो, पक स्टिकवर घेऊन नुसता थांबतो, आणि समोरचा डिफेंडर स्टिक टाकायला अर्धं पाऊल पुढे आला रे आला की त्याच फटीतून पक आरपार पलीकडे जातो. गोलकीपर सरकेपर्यंत उशीर झालेला असतो. पास्टर्नाक उलट, उजव्या हाताचा शूटर आणि उभा डाव्या सर्कलमध्ये, एक गुडघा जवळजवळ बर्फाला टेकवून, पास आला की न थांबवता थेट वन-टाइमर. एक जण जागा तयार करतो, दुसरा मिळालेल्या जागेतून गोल करतो. हे एकदा डोळ्यात बसलं की आकडे वेगळे दिसायला लागतात.

आता सोबतचे खेळाडू. क्रिकेटमध्ये नॉन-स्ट्रायकरला कोण होतं हे न बघता बॅट्समनचे रन मोजल्यासारखं होतं नाहीतर. 2024-25 ला टॅम्पात कुचेरोवच्या मागे हेगल 90, पॉइंट 82 (हो, त्या सेंटरचं, म्हणजे मधल्या फॉरवर्डचं, आडनावच पॉइंट आहे, ब्रेडन पॉइंट), गेंट्झल 80. ब्रुइन्समध्ये पास्टर्नाकचे 106 आणि त्याच्यानंतर मॉर्गन गीकी 57. परत वाचा, 57! शिवाय 2023 च्या उन्हाळ्यात बर्जरन आणि क्रेची हे दोन्ही मोठे सेंटर रिटायर झाले, मार्च 2025 मध्ये मार्शांड फ्लोरिडाला गेला, टीम प्लेऑफलाही पोचली नाही, आणि तरी हा 113 वरून फक्त 106 वर आला. समोरची टीम रोज फक्त याच्यासाठी प्लॅन करून येते. म्हणून वरचा 1.55 विरुद्ध 1.29 हा फरक मी थोडा कमी करून धरतो.

थोडाच पण. कारण कुचेरोवला टीम चांगली मिळाली असं म्हणणाऱ्यांनी त्याच्या जुन्या टीममेटचं, स्टॅमकोसचं काय झालं ते बघावं. 2023-24 ला टॅम्पात त्याचे 40 गोल, मग उन्हाळ्यात नॅशव्हिलला गेला आणि पुढच्या सीझनला 27. तोच माणूस, तोच वन-टाइमर, फक्त कुचेरोवचा पास नाही (वय 35 झालं हेही आहे, मान्य). आणि त्याच्या जागी आलेल्या गेंट्झलने 41 मारले, त्याच्या करिअरचे सगळ्यात जास्त. म्हणजे टीममुळे कुचेरोव जितका मोठा दिसतो तितकीच कुचेरोवमुळे टीम मोठी दिसते.

प्लेऑफचं वजन वेगळं धरा. कुचेरोवकडे 2020 आणि 2021 असे दोन स्टॅनली कप (एनएचएलची ट्रॉफी), त्या दोन रनमध्ये 34 आणि 32 पॉइंट, आणि 2021 चं तर असं की हिपच्या ऑपरेशनमुळे आख्खा रेग्युलर सीझन बाहेर आणि प्लेऑफला थेट हजर. पण 2024 आणि 2025 ला टॅम्पा पहिल्याच राउंडला फ्लोरिडाकडून पाच मॅचमध्ये हरली आणि दोन्ही सीरिजमध्ये याचा एकही गोल नाही, हे फॅन लोक सोयीस्कर विसरतात. पास्टर्नाककडे कप नाही. 2024 ला टोरांटोविरुद्ध सातव्या मॅचचा ओव्हरटाइम गोल त्याचा, आणि त्याच महिन्यात प्रागला वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये स्वित्झर्लंडविरुद्धचा पहिला गोल पण त्याचाच, चेक टीम घरच्या मैदानावर जिंकली. मोठ्या मॅचला गळपटतो असं कोणी म्हणालं तर हे दाखवा.

एक गोष्ट मात्र मोजूच नका, ती म्हणजे चेहरा. 2024 च्या ऑल-स्टार स्किल्सला (स्टार खेळाडूंच्या कौशल्याच्या स्पर्धेला) कुचेरोव कंटाळल्यासारखा फिरला, टोरांटोच्या पब्लिकने हुर्यो उडवली, आणि त्याच सीझनला 144. असल्या क्लिप बघून मत बनवू नये.

तर आजचा निकाल माझ्याकडून कुचेरोव, स्पष्ट.

आता दुसरा प्रश्न. इथे लोक नुसतं वय वजा करतात आणि मोकळे होतात. वय बघाच, पण कुठलं स्किल कधी उतरतं तेही बघा. पाय आधी जातात, शॉटचा वेग नंतर, नजर सगळ्यात शेवटी. टॅम्पाचाच मार्टिन सेंट लुई, उंचीने कमी, डावखुरा, राइट विंग, त्याने 2012-13 ला 37 व्या वर्षी आर्ट रॉस जिंकला, 48 मॅचच्या त्या छोट्या सीझनला 60 पॉइंट. कुचेरोव पहिल्या सीझनला त्याच्याच ड्रेसिंग रूममध्ये होता. so कुचेरोव 34-35 ला कोसळेल असं मला वाटत नाही, गोल 25 वर येतील पण असिस्ट राहतील. धोका दुखापतीचा आहे, ते हिपचं ऑपरेशन आणि मग 2021-22 ला फक्त 47 मॅच. त्यानंतर मात्र 82, 81, 78.

पास्टर्नाकबद्दल भीती अशी होती की शूटर आहे, पास देणारे गेले की संपला. पण त्याच्या असिस्टची ओळ बघा: 52, 63, 63. गोल 61 वरून 47, मग 43. गोल कमी झाले तेव्हा हा स्वतः पास द्यायला लागला. माझ्या मते त्याच्या भविष्याबद्दल याच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही, वयापेक्षाही. 2024-25 अखेर त्याचे 391 गोल, कॉन्ट्रॅक्ट 2030-31 पर्यंत, म्हणजे सहा सीझन, आणि वर्षाला 35 धरले तरी 600 पार. कुचेरोव त्याच वेळी 357 वर.

पैसे पण बघा, करिअरचा अंदाज त्याशिवाय अर्धवट. पास्टर्नाक वर्षाला 1.125 कोटी डॉलर, आठ वर्षं. सही केली तेव्हा जास्त वाटलं होतं, कारण 2023-24 ची सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा) 8.35 कोटी, म्हणजे एकटा साडेतेरा टक्के. 2025-26 ला कॅप 9.55 कोटी झाली आणि तोच आकडा बारा टक्क्यांच्या खाली आला. कुचेरोव 95 लाख, हे आजही लुटल्यासारखं आहे (फ्लोरिडात राज्याचा इन्कम टॅक्स नाही, खेळाडू कमी आकड्यावर का तयार होतात ते कळलं असेल), पण ते कॉन्ट्रॅक्ट 2027 च्या उन्हाळ्यात संपतं आणि तेव्हा तो 34 चा असेल. पुढचं कॉन्ट्रॅक्ट किती वर्षांचं आणि केवढ्याचं, त्यावर टॅम्पाचं बरंच अवलंबून आहे.

म्हणून 2031 पर्यंत एकच घ्या म्हटलं तर मी पास्टर्नाक घेईन, दोन वर्षांसाठी म्हटलं तर डोळे झाकून कुचेरोव. फँटसीवाल्यांनी आपल्या लीगचे नियम आधी वाचा: शॉटला वेगळे गुण असतील तर पास्टर्नाक वाटतो त्यापेक्षा वर जातो, आणि गोल-असिस्ट सारखेच धरत असतील तर पहिल्या काही पिकमध्ये कुचेरोव सोडू नका.